एका शिंदीचा गवाह

मार्तंडराव पेडगावकरांच्या हातून उभ्या आयुष्यात एकच ऐतिहासिक गोष्ट घडली होती, ती म्हणजे त्यांनी बघितलं होतं. केलं काहीच नव्हतं. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष चालू होतं, मार्तंडराव बारा-तेरा वर्षांचे होते, आणि पेडगावच्या ओढ्याकाठी बोरं खायला गेले असताना गावातलाच लिंबाजी आणि त्याचे दोन सोबती सरकारी शिंदीचं झाड पाडताना त्यांना दिसले. शिंदीच्या झाडातून दारू निघायची, दारूवर सरकारचा कर होता, म्हणून झाड पाडलं की सरकारचं उत्पन्न पडतं, असा त्या चळवळीचा सरळ हिशेब होता. झाड पडलं. तेवढ्यात लांबून घोड्यावरचे पोलीस येताना दिसले. अशा वेळी मार्तंडरावांनी काय करावं, तर भोकाड पसरलं. ते ऐकून तिघंही वाट फुटेल तिकडं पळाले आणि मार्तंडराव सदऱ्यात बांधलेली बोरं सांडत घरी आले. इतिहासाशी त्यांचा संबंध इथं आला आणि इथंच संपला.

पुढं ते शिकले, परभणीत एका सहकारी संस्थेत हेडक्लार्क झाले, स्टेशनामागच्या वसाहतीत दोन खोल्या आणि एक पेरूचं झाड असलेलं घर त्यांनी बांधलं. लिंबाजी गावातच राहिला आणि शेती करत राहिला. त्याचे दोन्ही सोबती केव्हाच वारले. अशी पुष्कळ वर्षं गेली, आणि शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात, परभणीच्या भिंती विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरुद्धच्या घोषणांनी भरून गेलेल्या असताना, लिंबाजी एका दुपारी भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन मार्तंडरावांच्या दारात येऊन उभा राहिला. खुर्चीवर बस म्हटलं तर बसला नाही. उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून खाली बसला.

"मार्तंडराव, एक काम व्हतं," तो म्हणाला. "तुमची गवाही पायजे."

"कसली गवाही, लिंबादादा?" मार्तंडराव त्याला लहानपणापासून दादाच म्हणत.

"समिती बसलीय म्हणं जिल्ह्याला. निजामाच्या वक्ताला ज्यांनी काई केलं त्यांची नावं लिवून घ्यायलेत. आमच्या गुरुजीनं माझा कागद भरला. म्हणले, जेलात गेला असता तर जेलचा दाखला चालला असता. तू पडला पळालेला. पळाल्याचा दाखला कोण देनार? बघनारा कुनी हाय का? म्हणलं, हाय. एकच उरलाय, परभनीला ऱ्हातो."

"पेन्शन मिळेल तुम्हाला," मार्तंडराव म्हणाले. हेडक्लार्क माणसाच्या मनात पहिली तीच गोष्ट येते.

"पेन्शनीचं काय घिऊन बसलाव. गावात मला काय म्हणत्यात, तुमाला ठाव हाय."

ठाऊक होतं. गावात त्याला पळ्या म्हणत. झाड पाडून तो परागंदा झाला तो राज्य जाईपर्यंत परतला नाही. मधल्या काळात त्याची आई गेली, तिच्या मातीलाही तो नव्हता. ओढ्याकाठी काय झालं ते मार्तंडरावांशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. म्हातारी माय टाकून पोरगा पळाला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. पोलिसांच्या भीतीनं त्या वेळी कुणी बोललं नाही, आणि नंतर जो बोलला तो एकटा लिंबाजी. त्याचं कोण ऐकणार? लग्न होऊन कडूबाई घरात आली तीसुद्धा पळ्याची बायको म्हणूनच आली.

"सरकारनं एकडाव म्हणावं," लिंबाजी म्हणाला, "का ह्यो पळाला न्हाई, भूमिगत व्हता. कागद गावात वाचून दाखवावा. बस. दुसरं काई नको मला."

मार्तंडरावांचा ऊर भरून आला. ते म्हणाले, "दादा, मी येतो. जे बघितलं ते सांगतो." त्यांच्या पत्नी प्रभावतीबाईंनी चहा दिला, लिंबाजीनं तो बशीत ओतून घेतला, आणि शेंगा तिथंच ठेवून तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. गोष्ट इथं संपली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

पण मार्तंडरावांच्या घराला एक कंपाउंडची भिंत होती आणि तिच्या पलीकडं दिनकरराव राहत. दिनकरराव तहसिलीतून पेशकार म्हणून, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा कारकून म्हणून, निवृत्त झालेले. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, त्यामुळं साध्या बोलण्यालाही कोर्टाचा वास यायचा. वसाहतीत कुणाच्या नळाला पाणी आलं नाही तरी ते दरख्वास्त लिहून देत. भिंतीवरून त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ऐकल्याचं लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

"गवाह म्हणून जायलात म्हणे," ते भिंतीवर कोपर ठेवून म्हणाले.

"हो. जायलाच पाहिजे. मी एकटाच राहिलोय बघितलेला."

"चष्मदीद गवाह," दिनकरराव म्हणाले. "ठीक आहे. पण मार्तंडराव, गवाहला काय मिळतं? बाहेरच्या बाकावर बसायला मिळतं."

हे वाक्य मार्तंडरावांना लागलं. आता इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. बघणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत नावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक नावाची पायरी ठरलेली आहे. रस्त्यात उभं राहून बघितलं तर माणूस बघ्या होतो, आणि बघ्यांना पोलीस काठीनं हाकलतात. तेच तिकीट काढून बघितलं तर तो प्रेक्षक होतो आणि त्याला खुर्ची मिळते. कचेरीत बोलावून बघायला लावलं तर तो पंच. शपथ घालून विचारलं तर साक्षीदार. आणि काहीच कारण नसताना मजा म्हणून बघितलं तर आमच्याकडं त्याला तमाशबीन म्हणतात, ही सर्वांत खालची पायरी. मार्तंडराव जन्मभर या शिडीच्या कुठल्या ना कुठल्या पायरीवरच उभे होते. संस्थेच्या सभेत व्यासपीठावर संचालक बसत आणि मार्तंडराव पहिल्या रांगेच्याही मागं, हारांची पिशवी सांभाळत. त्यांच्या गळ्यात हार असा एकदाच पडला होता, लग्नात, आणि तो घालणारीही आता ते फारसं बोलून दाखवत नसे.

"तुम्ही पण तिथं होताव की," दिनकरराव म्हणाले.

"होतो. पण नुसता बघत होतो."

"नुसतं कोणी बघत नसतं. पोलीस आले तेव्हा काय केलंत?"

"रडलो."

"कशासाठी?"

"भ्यालो म्हणून."

"ते तुम्हाला वाटलं. नतीजा काय झाला? तिघंजण सुटले. कायदा नतीजा बघतो. ह्याला इशारा म्हणतात, मार्तंडराव. सांकेतिक आवाज देऊन भूमिगतांना सावध केलं. तुम्ही गवाह नाही, शरीक आहात. चळवळीत सामील."

मार्तंडरावांनी हा विचार आठवडाभर झटकून टाकला. झटकला की तो परत येऊन बसायचा. शेवटी त्यांनी जेवताना तो प्रभावतीबाईंपुढं मांडला. प्रभावतीबाईंनी भाकरी थापणं न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"रडल्याबद्दल पेन्शन द्यायलेत का?" त्या म्हणाल्या. "मग माझा पण अर्ज भरा."

बायकांना इतिहासाची दृष्टी नसते, असं मार्तंडरावांनी मनात ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीजवळ गेले.

अर्ज लिहिताना पहिली अडचण वयाची आली. मार्तंडरावांच्या वडिलांनी, पुढं नोकरीत कामी येईल या दूरदृष्टीनं, शाळेत नाव घालताना मुलाचं वय चार वर्षांनी कमी लावलं होतं. ही पद्धत त्या काळी घरोघरी होती. शाळेच्या दाखल्याप्रमाणं झाड पडलं तेव्हा मार्तंडराव आठ वर्षांचे ठरत. खरं वय लावावं तर संस्थेतून चार वर्षं आधी निवृत्त व्हावं लागेल. म्हणजे देशासाठी मोठं व्हावं तर नोकरी जाते आणि नोकरी राखावी तर देशाला पोर मिळतं. दिनकररावांनी डोळे मिटून विचार केला.

"आठच ठेवा," ते म्हणाले. "उलट बरंय. आठ वर्षांचं लेकरू निजामाला भ्यालं नाही."

"पण भ्यालो होतो की."

"तो मजकूर आपण घेतलेला नाही." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "झाडं किती होती?"

"एक."

"एकच?"

"एकच. ओढ्याच्या वळणावर. थोरलं होतं चांगलं."

"एक झाड म्हणजे सरपण झालं, मार्तंडराव. आंदोलनाला ओळ लागते. सात लिहितो."

"अहो, लिंबादादाच्या कागदात एक आहे."

"त्यांनी त्यांचं लिहिलं, तुम्ही तुमचं लिहा. समितीपुढं कागदांचा ढीग असतो. दोन कागद शेजारी ठेवून कोण वाचतंय?"

मार्तंडरावांना तेव्हा काहीतरी टोचलं. ते म्हणणार होते की राहू द्या, खोडा ते. पण दिनकररावांचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्या अक्षरात 'सात शिंदी' हे शब्द असे काही उतरले होते की खोडायला मन होईना. माणूस कशाला भुलेल याचा नेम नाही.

मग फोटो आला. फोटोसाठी खादी आली. खादी धोब्याकडं दिली तर त्यानं तिला एवढी खळ घातली की मार्तंडराव वाकले की सदरा उभाच राही. टोपी मोठी निघाली, ती कानावर अडके. फोटोवाल्यानं त्यांना चष्म्यासकट बसवलं, चष्मा काढून बसवलं, उजवीकडं वळवलं, डावीकडं वळवलं, आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "काका, जरा त्यागी बघा."

"त्यागी म्हणजे कसं?"

"म्हणजे सकाळपासून जेवला नाहीत असं."

फोटो बरा आला. त्याची मोठी प्रत काढून दिनकररावांनी ती वसाहतीत फिरवली. परिणाम असा झाला की भाजीवाली बायनाबाई मार्तंडरावांना कोथिंबीर फुकट देऊ लागली, आणि शेजारच्या घरांतून गणिताची शिकवणी घ्याल का म्हणून विचारणारे लोक आता घरच्या भांडणात न्याय द्यायला बोलावू लागले. संस्थेतला शिपाई त्यांना पाहून उठून उभा राहिला. मार्तंडरावांनी हे सगळं नको नको म्हणत घेतलं. रात्री झोप मात्र त्यांना चांगली लागत असे, हे कबूल केलं पाहिजे.

आणि मग पंधरा ऑगस्ट आला. वसाहतीच्या झेंडावंदनाला दिनकररावांनी प्रमुख पाहुणे म्हणून नेमके समितीचे अध्यक्षच आणले. अध्यक्ष म्हणजे वाळलेल्या काटकीसारखा म्हातारा माणूस, खरोखर तुरुंगात जाऊन आलेला, कमी बोलणारा. झेंड्याची दोरी ओढायचा मान मार्तंडरावांना होता. त्यांनी ओढली. गाठ सुटेना. परत ओढली, तर गाठ आणखी आवळली. खादीच्या बाह्या खळीमुळं कोपरात मुडपत नव्हत्या, त्यामुळं जोर लागेना. राष्ट्रगीताला उभे राहिलेले लोक गप्प उभेच होते. शेवटी पेरू पाडायची आकडी आणून गाठ सोडवावी लागली, आणि फुलं पडायची ती सगळी दिनकररावांच्या डोक्यावर पडली.

झाल्या फजितीनं मार्तंडराव कासावीस झाले होते. कदाचित म्हणूनच भाषणाला उभे राहिल्यावर त्यांचा तोल गेला. फजिती झालेल्या माणसाला ती भरून काढायची घाई असते. ते बोलायला लागले आणि बोलतच सुटले. ओढ्याकाठी सात शिंदी ओळीनं उभ्या राहिल्या. आठ वर्षांच्या बाळ मार्तंडाच्या हातात कुऱ्हाड आली. घोडेस्वार वाढत वाढत पलटण झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या ही फार वाईट चीज आहे, ती एकदा कानात शिरली की पुढचं वाक्य आपलं राहत नाही. लिंबाजीचं नाव भाषणात आलं, नाही असं नाही. 'माझे एक सहकारी' एवढंच आलं.

चहा घेताना अध्यक्षांनी हळूच विचारलं, "सात शिंदी होत्या त्या ओढ्याला?"

"होत्या," मार्तंडराव म्हणाले.

अध्यक्षांनी मान हलवली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

घरी आल्यावर प्रभावतीबाई म्हणाल्या, "भाषण चांगलं झालं. बोरं तेवढी राहिली."

समितीपुढची पेशी सप्टेंबरात लागली. मार्तंडराव आणि लिंबाजी यांना एकाच दिवशी बोलावलं होतं, कारण गाव एक, ओढा एक. मार्तंडरावांबरोबर वसाहतीतले पाच-सहा लोक आले होते आणि दिनकररावांच्या पिशवीत हार होता. लिंबाजी सकाळच्याच गाडीनं येऊन व्हरांड्यात बसला होता. धोतर धुऊन नेसलेलं. सोबत कडूबाई आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन. कचेरी तिनं जन्मात पहिल्यांदाच पाहिली असावी. ती इकडंतिकडं न बघता समोरच्या दाराकडं बघत होती, कारण त्या दारातून तिचा नवरा आत जाणार होता आणि बाहेर येताना पळ्या राहणार नव्हता.

"मार्तंडराव, लय शोभायलाव," लिंबाजी म्हणाला.

मार्तंडरावांना तेव्हा आठवलं की आपण ह्याला सांगितलंच नाही. "दादा," ते म्हणाले, "मीही एक अर्ज टाकलाय."

"बरं केलं की," लिंबाजी म्हणाला. "तुमी बी व्हताव तिथं." त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. असतं तर मार्तंडरावांना पुढचं सोपं गेलं असतं.

आत अध्यक्ष आणि दोन सभासद बसले होते. खरं सांगेन अशी शपथ दोघांनीही घेतली. अध्यक्षांनी पहिल्यांदा लिंबाजीला विचारलं. तो उभ्यानंच बोलला. ओढ्याचं वळण, सोबती कोण होते, कुऱ्हाड कुणाच्या घरची, कुठल्या बाजूला झाड पडलं, सगळं. चाळीस वर्षं कुणी ऐकायला तयार नव्हतं, ते त्यानं एका दमात सांगितलं.

"झाडं किती?"

"येक, सायेब. थोरलं व्हतं."

अध्यक्षांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मार्तंडरावांकडं बघितलं. "पेडगावकर, ह्यांचे तुम्ही एकटेच साक्षीदार. तुमच्या स्वतःच्या अर्जात सात झाडं आहेत. झेंड्याच्या दिवशी माझ्यासमोर तुम्ही सात म्हणालात. ज्यानं तोडलं तो म्हणतो एक. ज्यानं बघितलं तो म्हणतो सात. मला तुम्हीच सांगा, किती?"

खिडकीच्या गजांना वसाहतीतले लोक लागले होते. दिनकररावांचा चेहरा मधोमध होता. मार्तंडरावांना एकच शब्द बोलायचा होता आणि तो शब्द त्यांना येत होता. एक. एक म्हटलं असतं तर लिंबाजीचं काम झालं असतं. त्याबरोबर खादी, फोटो, बायनाबाईची कोथिंबीर, उठून उभा राहणारा शिपाई, सगळं त्याच टेबलावर उतरवून ठेवावं लागलं असतं, खिडकीतल्या लोकांच्या देखत. आपल्यात तेवढा दम निघेल असं मार्तंडरावांना शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"सात होती, साहेब."

लिंबाजीनं वळून त्यांच्याकडं बघितलं. तो चकित झाला, हे दिसलं. मग त्यानं त्यांची कडक कॉलर बघितली, तिच्यातून वर आलेला घामेजलेला गळा बघितला, टेबलाच्या कडेला धरलेला हात बघितला. खिडकीकडंही एकदा बघून घेतलं. त्याला काय समजायचं ते समजलं. आणि मग लिंबाजीनं ते केलं ज्याच्यासाठी मार्तंडराव स्वतःला पुढं कधी माफ करू शकले नाहीत.

"सायेब," तो म्हणाला, "मी अडानी मानूस. मला कुठं मोजता येतंय. मार्तंडराव शिकलेले हायत. ते म्हनत्यात तर सातच असतील."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाबा, आपण किती झाडं तोडली, ते तुम्हाला आठवत नाही?"

"न्हाई, सायेब."

एक सभासद हसला. दुसऱ्यानं काहीतरी लिहिलं. लिंबाजी नमस्कार करून बाहेर गेला, आणि मार्तंडरावांना दारातून दिसलं की कडूबाई उठून उभी राहिली, तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि परत खाली बसली.

दोन्ही अर्ज नामंजूर झाले. लिंबाजीचा, कारण अर्जदाराला स्वतःच्या कृत्याची नीट माहिती नाही. मार्तंडरावांचा, कारण आठ वर्षांच्या मुलानं सात शिंदी पाडणं समितीस शक्य वाटत नाही. दिनकरराव म्हणाले, अपील करू. हार त्यांनी दत्ताच्या देवळात दिला. प्रभावतीबाईंनी खादी धुतली, खळ काढली आणि तिची पुसणी केली. पाचव्या दिवशी त्या निवडायला घेतलेल्या तांदळावर नजर ठेवून म्हणाल्या, "एक म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

मार्तंडरावांनी दुसऱ्याच दिवशी कचेरी गाठली. मला माझं बयान बदलायचं आहे, ते कारकुनाला म्हणाले.

"नामंजूर झालेल्या प्रकरणात बयान बदलता येत नाही."

"मग नवीन घ्या. लिंबाजीच्या प्रकरणात. मी एकटाच साक्षीदार आहे."

"पहिलं बयान शपथेवर झालेलं आहे ना तुमचं?"

"ते खोटं होतं. तसं लिहून देतो."

कारकून दयाळू माणूस होता. त्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं. "काका," तो म्हणाला, "तुम्ही शपथेवर खोटं बोललात असं लिहून दिलंत, की तुमची पुढची साक्ष कशी घेणार? आणि लिहून दिलं नाहीत, तर पहिलीच कायम राहते."

मार्तंडराव एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेले. अध्यक्षांच्या घरी गेले, तर ते मुलीकडं पुण्याला गेले होते. आल्यावर भेटले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "त्या दिवशी मला एकच शब्द हवा होता, पेडगावकर. मी त्या माणसाच्या बाजूनं होतो."

मग त्यांनी ठरवलं, सरकार मरो. लिंबाजीला जे पाहिजे होतं ते गावात पाहिजे होतं. सव्वीस जानेवारीला ते पॅसेंजरनं पेडगावला उतरले, साध्या टेरिकॉटच्या शर्टात, आणि शाळेच्या झेंडावंदनानंतर गुरुजींकडून दोन मिनिटं मागून घेतली. सगळं गाव होतं. लिंबाजी मागं बाभळीखाली बसला होता. मार्तंडरावांनी काहीही न वाढवता सांगितलं. झाड एक होतं, लिंबाजीनं पाडलं, मी बोरं खात होतो, पोलीस बघून मी रडलो, तो पळाला तो देशासाठी पळाला. समितीपुढं मी खोटं बोललो म्हणून ह्याचं नुकसान झालं. आयुष्यात एवढं चांगलं भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. सरपंच भुजंगराव उठून म्हणाले, "मैतरासाठी मानूस किती खाली येतो, बघा. सात झाडं पाडलेला मानूस म्हनायलाय, मी रडलो. अशी दोस्ती आता ऱ्हायली न्हाई." परभणीतलं भाषण गावात कधीच येऊन पोचलं होतं. मार्तंडराव म्हणाले, अहो, खरंच रडलो. लोक कौतुकानं हसले. आणि गर्दीतून कुणीतरी सहज ओरडलं, "ये पळ्याआबा, पाव्हन्याला च्या पाज की."

लिंबाजी त्यांना घरी घेऊन गेला. अंगणात घोंगडी टाकली. कडूबाई चुलीपाशी बसली.

"मला माफ करा, दादा," मार्तंडराव म्हणाले.

"त्याचं काई न्हाई वो." लिंबाजी जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. "येक इचारू का? खरं सांगा."

"विचारा."

"मी तोडलं व्हतं ना झाड?"

मार्तंडरावांना नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "म्हणजे?"

"इतकी वर्सं सगळे पळ्या म्हनायलेत. आन त्या दिशी सायबापुढं मीच म्हणलो, आठवत न्हाई. तवापासून डोळ्यापुढं आनाया बघतो, तर झाड येतच न्हाई. नुसतं पळनं येतंय. मायची आठवन येतीय. म्हणलं, तुमी बघितलंय, तुमाला इचारावं. तोडलं का मी?"

चुलीपाशी कडूबाईचा हात थांबला होता.

"तोडलंत, दादा," मार्तंडराव म्हणाले. "तुम्हीच तोडलंत. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय."

लिंबाजीनं वर मान करून त्यांच्याकडं बघितलं, पुष्कळ वेळ. कचेरीत बघितलं होतं तसंच, प्रेमानं आणि समजून.

"मला बरं वाटावं म्हनून तर म्हनत न्हाई ना?"

"नाही हो, दादा. खरंच."

"असंल," लिंबाजी म्हणाला. त्यानं काडी टाकून दिली आणि हातानं रेघा पुसल्या. "तुमी म्हनताव तर तोडलंच असंल."